उस्तादांचा पंजा

निवडणुकीच्या साऱ्या चिन्हांत काढायला सोपा पंजा. चुन्याने पोतलेल्या भिंतीवर आपला डावा हात टेकवायचा आणि उजव्या हातातल्या बारीक ब्रशने कडेकडेने रेघ ओढत जायची. हात उचलला की भिंतीवर उजवा पंजा तयार. आत रंग भरायचा, तळहाताच्या दोन-तीन रेषा ओढायच्या, आणि पुढच्या भिंतीकडे निघायचं. माझ्या उस्तादांनी ही युक्ती १९७८च्या फेब्रुवारीत काढली, कारण वेळच नव्हता. जानेवारीत इंदिराबाईंनी वेगळी काँग्रेस काढली, फेब्रुवारीच्या शेवटी विधानसभेचं मतदान, आणि मधल्या काही आठवड्यांत गाय-वासरू हे जुनं चिन्ह विसरून पंजा ओळखायला आख्ख्या मुलखाला शिकवायचं होतं.

अडचण एकच होती. उस्तादांची डावी करंगळी तरुणपणी शिडीवरून पडून मोडली होती, ती बाहेरच्या बाजूला वाकडी बसली. त्यामुळे सेलूतले सगळे पंजे वाकड्या करंगळीचे. वर्ध्याहून पाहणीला आलेल्या एका कार्यकर्त्याने हरकत घेतली, तर उस्ताद म्हणाले, "राहू द्या ना जी. वर्ध्याचा पंजा वेगळा, सेलूचा वेगळा. लोकाइले ओळखू येते." मी तेव्हा त्यांच्या हाताखाली सरस कालवायला होतो. गेरू, पिवडी, नीळ, काजळी, एवढेच आमचे रंग. त्या चार रंगांत मी जवळपास पंचवीस वर्षं सेलूचं राजकारण रंगवलं. कोणता पक्ष काय बोलतो हे मला कधी नीट कळलं नाही. कोणी कोणाला भिंत दिली, हे मात्र तोंडपाठ आहे.

सेलू म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं. हे आधी सांगावं लागतं, कारण बाहेरगावी नाव घेतलं की लोक परभणीच्या सेलूची चौकशी करतात. आमचं सेलू वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आधी पवनार लागतं, धाम नदी, विनोबांचा आश्रम, मग सेलू, पुढे केळझर. बाजूला बोर नदी, नदीकाठी घोराड, तिथे केजाजी महाराजांचं देवस्थान. एकेकाळी हा केळीचा मुलूख होता, आता बहुतेक कापूस आणि सोयाबीन. रेल्वेचं स्टेशन आहे, पण त्याचं नावच ‘सेलू रोड’. म्हणजे उतरल्यावर सेलू अजून पुढे आहे, ही सूचना नावातच दिलेली.

मतांचंही तसंच. मी मत द्यायला लागलो तेव्हापासून सेलूचं मत वर्ध्याच्या नावाने मोजलं जातं. विधानसभेला वर्धा, लोकसभेला वर्धा. पूर्वी जिल्ह्याचे तालुकेच तीन होते, वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी. पुढे आठ झाले तेव्हा सेलू तालुक्याचं गाव झालं. पण २००८च्या फेररचनेनंतर हा तालुकाही दोन ठिकाणी मत देतो. सेलू, हिंगणी वर्ध्याला. सिंदी (रेल्वे) आणि तिच्या बाजूची गावं हिंगणघाटला. बाजारभावाच्या यादीत मात्र आजही ‘सिंदी(सेलू)’ असं एका दमात छापतात. कापूस विकताना आम्ही एक, आमदार निवडताना दोन.

माझा बाप सालदार होता. १९५२च्या पहिल्या मतदानाला तो मालगुजाराच्या बंडीत बसून गेला. मालगुजारी आदल्याच वर्षी, १९५१च्या ३१ मार्चला कायद्याने संपली होती, पण बंडी आणि बैल मालगुजाराचेच होते. त्या काळी चिठ्ठीवर शिक्का नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्हाचा कागद. बापाने चिठ्ठी बैलजोडीच्या पेटीत टाकली आणि पेटीला हात जोडले. आत बसलेला अधिकारी हसला, असं बाप सांगायचा. त्यात हसण्यासारखं काय, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या पाया पडतोच की आपण. आमच्या तालुक्यातल्या सिंदीला तर दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात माणसाहून उंच लाकडी नंदी निघतात. अशा मुलखात काँग्रेसला बैलजोडी मिळाली होती. दुसऱ्या पक्षांनी पेटीवर काय चिकटवलं असतं म्हणजे चाललं असतं?

चिन्हाखेरीज घराणंही होतं. गांधीजी १९३६मध्ये सेवाग्रामला राहायला आले, त्यांना वर्ध्याला आणलं ते जमनालाल बजाजांनी. १९५२ला वर्ध्याचे खासदार झाले श्रीमन्नारायण, जमनालालजींचे जावई. १९५७, १९६२ आणि १९६७ला कमलनयन बजाज, जमनालालजींचा मुलगा. जमनालालजी स्वतः १९४२मध्येच गेले, पण स्वातंत्र्यानंतरची जवळपास वीस वर्षं दिल्लीला गेलं ते त्यांचंच घर. माझ्या बापाला श्रीमन्नारायण कोण, कमलनयन कोण, हे सांगता आलं नसतं. तो म्हणायचा, "शेठजीले देल्लं."

१९५७ची एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा, वाचनालयातल्या पुस्तकांतून कळली. त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. इकडे काही हललं नाही. कारण उघड आहे. मुंबईसाठीचा तो राग आमचा नव्हता. विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी फाजल अली आयोगाने शिफारस केली होती, लोकनायक अणे आणि ब्रिजलाल बियाणी त्यासाठी झटत होते, आणि आम्ही जुन्या मध्य प्रांतातून उचलून द्विभाषिक मुंबईत ठेवले गेलो. राग होता तो नागपूरची राजधानी गेल्याचा. पण तो राग मतपेटीत कधी उतरला नाही, तो भिंतीवर राहिला. ‘वेगळा विदर्भ झालाच पाहिजे’ ही ओळ मी स्वतः शंभर वेळा तरी लिहिली असेन, आणि तिचे पैसे कधी काँग्रेसवाल्याने दिले, कधी भाजपवाल्याने, कधी जांबुवंतराव धोट्यांच्या पोरांनी फुकट लिहून घेतली. लिहिणारा मी, वाचणारे सारे, पण त्या एका ओळीवर सेलूत कोणी मत दिल्याचं मला ठाऊक नाही.

माझी पहिली निवडणूक १९७७ची. गाय-वासरू हे फार अवघड चिन्ह. वासरू गाईला पीत असलं पाहिजे, गाईची मान जराशी वळलेली पाहिजे, आणि हे सगळं शिडीवर उभं राहून कुंचीने करायचं. जनता पक्षाचा चक्रातला नांगरधारी शेतकरी त्याहून अवघड. उस्तादांनी त्याचा पत्र्याचा साचा कापला होता, पण रंग साच्याखाली झिरपे आणि शेतकऱ्याचा नांगर त्याच्याच पायात गुंते. देशात काँग्रेस पडली, इंदिराबाई स्वतः पडल्या. वर्ध्यात गाय-वासरूच निवडून आलं, संतोषराव गोडे खासदार झाले. विदर्भात बहुतेक ठिकाणी असंच झालं. आणीबाणीची नसबंदी इथे झाली नाही असं नाही. पण आपल्या घरची बाई चुकली म्हणून तिला घराबाहेर काढायचं नसतं, असा एकूण सूर होता.

त्याच वर्षी २४ जुलैला इंदिराबाई पवनारला विनोबांना भेटायला आल्या. सेलूहून पवनार सायकलच्या टप्प्यात. उस्ताद गेले आणि संध्याकाळी चिखलाने माखून परतले. बाई दिसल्या का विचारलं, तर म्हणाले, "पाय दिसले. लोकाइचे." मग थोडं थांबून, "पुढच्या खेपेले रंग जास्त आणून ठेव."

विनोबांबद्दल इथे एक सांगायला हवं. बाहेरच्यांना वाटतं, आश्रमाच्या शेजारचं गाव म्हणजे आश्रम सांगेल तसं मत देणार. आश्रमाने कधी सांगितलं नाही. विनोबा पक्षांपासून चार हात लांबच राहिले. आश्रमाचा धाक होता तो दारूचा. वर्धा जिल्हा गांधीजींचा म्हणून सत्तरच्या दशकात इथे दारूबंदी झाली, ती अजून आहे. कागदावर. मतदानाच्या आदल्या रात्री ती कशी पाळली जाते हे मी सांगायला नको.

भिंत मिळवण्याची रीत होती. पक्षाचा माणूस रंगाचे पैसे देई, भिंत आम्ही मागायची. सकाळी घरधनी शेतावर गेला की घरची बाई भिंतीची मालकीण. तिला विचारायचं, "माय, लिहू का?" ती कोणाचं म्हणून विचारायची. त्या एका प्रश्नाच्या आवाजावरून उस्ताद निकाल सांगत. "कोनाचं हाय?" हे सहज आलं तर हवा नाही. बाई पदर खोचून बाहेर आली तर हवा आहे. आणि "लिहा बाप्पा, पन पावसात निंगून जाईन असं लिहा," हे ऐकलं की समजायचं, उमेदवार गेला.

बौद्धवाड्यात मात्र आम्हाला कामच नसे. १९५६च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, इथून माणसं पायी गेली होती. त्या वस्तीतल्या भिंती विकाऊ नव्हत्या. हत्ती ती पोरं स्वतः काढत, रिपब्लिकनचा आणि पुढे बसपचा, आणि आमच्यापेक्षा चांगला काढत. माझ्याकडून फक्त नीळ घेऊन जात. गटातटांनी त्यांची मतं फुटली, पण त्यांच्या भिंतींवर पैसे देऊन कोणी लिहिलं नाही. हे उरलेल्या सेलूला जमलं नाही, मलाही नाही.

रस्त्यावर आटाचक्कीची भिंत होती. साऱ्या गावात सगळ्यांत महाग. बस थांबते तिथे तोंड करून उभी, पंधरा हात लांब, सावलीची. चक्कीवाले भाऊ ती नेहमी काँग्रेसला देत आणि पैसे घेत नसत. १९८०ला त्यावर वसंत साठे आले. साठे नागपूरचे वकील, आधी अकोल्याचे खासदार, सेलूशी त्यांचा संबंध रस्त्याने जाण्यापुरता. पण ते मंत्री झाले, त्यांच्या काळात १९८२ला रंगीत टीव्ही आला, आणि आमच्या खासदाराने रंग आणला याचा आम्हा पेंटर लोकांना उगाच अभिमान वाटला. १९८४ला इंदिराबाई गेल्यावर भिंत मागावीच लागली नाही. १९८९ला देशात काँग्रेस हरली तरी साठे तिसऱ्यांदा निवडून आले. वाकड्या करंगळीचा पंजा तोपर्यंत मीच काढत होतो. उस्तादांची नजर गेली होती. माझी करंगळी सरळ, पण मी मुद्दाम वाकडी काढायचो.

खालून मात्र जमीन हलली होती, आणि ती कापसाने हलवली. १९७२पासून सरकारची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारलाच घालायचा, पैसे हप्त्याहप्त्याने. बंड्यांच्या रांगा रात्रभर, बैल रांगेतच बसलेले. अशात शरद जोशींची शेतकरी संघटना आली. त्यांची पोरं छातीवर लाल बिल्ला लावून फिरत आणि माझ्याकडून एकच मजकूर लिहून घेत, भाव मागणारा. चिन्ह नाही, उमेदवार नाही. भिंतीवर फक्त मागणी लिहिलेली मी पहिल्यांदा पाहिली. माझ्या हिशेबाने सेलूच्या राजकारणातला खरा खांदेपालट तोच होता, पुढचे सारे पक्षबदल त्याची पिल्लं. तोवर मत द्यायचं ते शेठजीला, बाईला, घराण्याला. आता बाया चक्कीवर दळण टाकताना कापसाचा भाव बोलू लागल्या. १९९०च्या विधानसभेत जनता दलाच्या चक्रावर संघटनेचे पाच आमदार गेले, त्यांतले दोन आमच्या जिल्ह्यातले: सरोज काशीकर आणि वसंतराव बोंडे.

पुढच्या वर्षी लोकसभा. १९९१. राजीव गांधींची हत्या मतदानाच्या ऐन मध्यात झाली आणि महाराष्ट्राने काँग्रेसला ४८पैकी ३८ जागा दिल्या. मी सेलूत इतके पंजे रंगवले होते की डावा हात आठवडाभर चुन्याने फाटला होता. समोर मार्क्सवादी पक्षाचे रामचंद्र घंगारे. विळा, हातोडा, तारा. विळा-हातोडा एका झटक्यात येतो, तारा वैताग आणतो, पाची टोकं सारखी होत नाहीत. घंगारेंच्या माणसांकडे पैसे नव्हते, त्यांच्या भिंती बहुतेक वस्तीच्या मागच्या बाजूच्या, कुडाच्या. चक्कीवाल्या भाऊंनी नेहमीप्रमाणे पंजा काढू दिला.

आणि साठे पडले. गांधीजींच्या जिल्ह्याने लाल बावट्याचा खासदार दिल्लीला पाठवला. बातमी आली तेव्हा मी चक्कीपाशी होतो, वर माझाच पंजा होता, अजून नीट वाळलेलाही नव्हता. मी भाऊंना म्हटलं, हे कसं झालं? भाऊंनी पिठाचा हात झटकला. "कसं म्हंजे? भिंत माही हाये, मत बी माहंच हाये. दोन्ही एकच हायेत, असं कोनं सांगतलं तुले?"

मला तेव्हा पहिल्यांदा उस्तादांच्या विद्येवर शंका आली. नंतर आठवलं, त्या खेपेला भिंत मागताना बायांनी "कोनाचं" असं विचारलंच नव्हतं. नुसती मान हलवली होती. ते आम्ही होकार समजलो.

नंतरचं भराभर सांगतो, कारण घडलंही भराभर. १९९४च्या नोव्हेंबरात नागपूरला गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. बोरच्या जंगलाकडेच्या गावांत गोवारी आहेत, आणि त्या गावांत त्यानंतर काही दिवस कोणी ब्रश घेऊन गेलं नाही. १९९५ला राज्यात युतीचं सरकार. १९९६ला वर्ध्यात कमळ, विजय मुडे. १९९८ला दत्ता मेघे आणि विदर्भाच्या अकराही जागा काँग्रेस आघाडीला. १९९९ला प्रभा राव. २००४ला पुन्हा कमळ, सुरेश वाघमारे. २००९ला पुन्हा मेघे. ज्या जिल्ह्याने पहिल्या चाळीस वर्षांत काँग्रेसशिवाय कोणी पाठवला नाही, त्याने पुढच्या अठरा वर्षांत एकाला लागोपाठ दोनदा पाठवलं नाही. दिल्लीत बसून पाहणारा म्हणेल, वर्धा डावीकडे गेलं, मग उजवीकडे गेलं. सेलूच्या बस थांब्यावरून असं काही दिसत नव्हतं. कापूस पडला की खासदार पडत होता. पक्ष कोणता हा प्रश्न दुसरा.

विधानसभेचं तंत्र वेगळं. तिथे माणूस रस्त्यात सापडला पाहिजे. प्रमोद शेंडे हे नाव मी इतक्या वेळा रंगवलं की त्यांच्या नावातला ‘शें’चा झोल डोळे मिटून येई. ते विधानसभेचे उपाध्यक्षही झाले. लोकसभेला कमळ आणि विधानसभेला पंजा, असं एकाच घरात चालायचं आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नसे. बोरच्या कालव्याचं पाणी, रात्रीची वीज, सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात एखादी खाट, एवढ्यासाठी आमदार. भाव दिल्लीकडून, पाणी मुंबईकडून. २००४च्या विधानसभेआधी शेतीपंपाची वीज फुकट झाली, शून्याचं बिल लोकांनी देवघरात ठेवलं. निवडणूक झाली, पुढच्या वर्षी सवलत गेली. ती बिलं देवघरातून काढून चुलीत घातल्याचं मी पाहिलं आहे. २००९ला वर्ध्यातून ना पंजा ना कमळ. अपक्ष सुरेश देशमुख आले.

ग्रामपंचायतीत तर पक्ष नव्हताच. छत्री, कपबशी, विमान, नारळ. तिथे भावकी, वाडा, पाणंद कोणी अडवली, नळ कोणाच्या दारापर्यंत आला. एकाच पॅनेलमध्ये काँग्रेसचा काका आणि भाजपचा पुतण्या. सेलूची नगरपंचायत झाल्यावर सतरा प्रभाग पडले आणि पक्षांची चिन्हं घराघरांत शिरली. ज्या काका-पुतण्यांनी तीस वर्षं एका कपबशीवर निवडणूक लढवली, ते आता समोरासमोर उभे राहतात. ही सुधारणा म्हणावी का, मला ठरवता आलेलं नाही.

माझा धंदा निवडणूक आयोगाच्या शेषन साहेबांनी मोडला असं पेंटर लोक म्हणतात. अर्धं खरं आहे. नव्वदच्या दशकात भिंतमालकाची लेखी परवानगी लागू झाली, खर्चाचा हिशेब द्यायची वेळ आली, तशा पार्ट्या रंगाला कचरू लागल्या. उरलेलं फ्लेक्सने केलं. फ्लेक्सवर माणसाचा चेहरा असतो, चिन्ह कोपऱ्यात. आम्ही चिन्ह मोठं काढायचो, कारण वाचता येणारे थोडे होते. आता वाचता सगळ्यांना येतं आणि चेहरे चाळीस असतात, वाढदिवसाचे वेगळे.

२०१४ला माझ्या हातात ब्रश नव्हता, तरी पाहत होतो. देवळीचे पैलवान रामदास तडस लोकसभेला आले, तेही एकेकाळी राष्ट्रवादीत होते. विधानसभेला डॉ. पंकज भोयर आले, मुळात काँग्रेसच्याच मुशीतले. मेघे स्वतः भाजपमध्ये गेले. लोक म्हणतात, सेलू भाजपचं झालं. पोरांच्या बाबतीत ते खरं आहे, त्यांनी मोबाइलवर मोदींना ऐकलं आणि त्यांना बैलजोडीची गोष्ट सांगून उपयोग नाही. पण पन्नाशीपुढच्यांत मी पाहतो ती घरं तीच आहेत. सोसायटीत तीच, बाजार समितीत तीच. पंजा पुसून त्याच भिंतीवर कमळ काढलं तर खालचा चुना नवा होत नाही. विरोधात प्रमोद शेंड्यांचे चिरंजीव शेखर शेंडे एकामागून एक निवडणुका लढत राहिले आणि हरत राहिले, २०१९ आणि २०२४ला दहा हजारांच्या आतल्या फरकाने. इतका थोडका फरक असलेल्या गावाला कोणा एकाचं म्हणणं मला धाडसाचं वाटतं.

२०२४च्या २६ एप्रिलला लोकसभेचं मतदान झालं. जागावाटपात वर्धा शरद पवारांच्या पक्षाकडे गेलं, आर्वीचे काँग्रेसचे माजी आमदार अमर काळे त्यांच्याकडून उभे राहिले, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. यंत्रावर पंजाच नाही, असं वर्ध्यात पहिल्यांदा घडलं. आमच्या गल्लीतली एक म्हातारी मत देऊन परतली ती रागातच. "पुरं मशीन पाह्यलं. माहा पंजा कोनं नेला?" मी विचारलं, मग काय केलंस? "एक मानूस दिसला फुंकताना. त्याले देल्लं. बिचारा एकटाच होता." अमर काळे ८१,६४८ मतांनी आले. सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं होतं, कापूस घरात पडून होता, आणि बौद्धवाड्यात संविधानाची चर्चा दारोदार होती. लोकांनी भाजपला धडा शिकवला, असं सगळ्यांनी लिहिलं.

सात महिन्यांनी विधानसभा. सोयाबीन तसंच, कापूस तसाच. पण ऑगस्टपासून बायांच्या खात्यात महिन्याचे दीड हजार येऊ लागले होते. जिल्ह्यातल्या चारही जागा भाजपला गेल्या; देवळीत पाच वेळा निवडून आलेले काँग्रेसचे रणजित कांबळेसुद्धा पडले. भोयर तिसऱ्यांदा आले, राज्यमंत्री झाले. त्या म्हातारीला यंत्रावर पंजा परत दिसला होता, मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "दिसला ना. करंगळी सरळ होती त्याची." आणि पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

परवा चक्कीवाल्या भाऊंच्या नातवाने बोलावलं. भाऊ आता नाहीत, चक्की विजेची नवी बसवली आहे. भिंत पावसाने फुगली होती, पापुद्रे सुटले होते, आत कुठे नीळ, कुठे गेरू. म्हणाला, काका, फ्लेक्स टिकत नाही, माकडं फाडतात. दळणाचे भाव लिहून द्या मोठ्या अक्षरात. मी पापुद्रे खरडले, दोन हात चुना मारला, सूत मारून ओळी आखल्या. गहू, ज्वारी, बेसन, तिखट. आकड्यांची जागा कोरी सोडली, कारण भाव तो खडूने लिहिणार होता. खाली तीन हात भिंत उरली. तिथे काय लिहू म्हणून विचारलं.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "नगरपंचायत लागन ना."